ढोलूची बटणं

३ जून
ती. ताईस, सा. न. वि. वि.

शुद्धलेखनाला हसू नकोस. एका बोटाने टाइप करते, म्हणून पत्राला उशीर झाला.

तुझ्या ढोलूला तिसरं लागल्यापासून त्याचं तोंड बंद होत नाही. माझंच ऐकून मी जाते, मी झोपते म्हणतो. चिमणी मरली म्हणतो. मी टेलरकाकांकडे काजं-बटणं करते ना, तेव्हा हा टेबलाखाली बटणांशी खेळत बसतो. काकांनी बाबा कुठेत विचारलं, तर म्हणाला बाबा काल येणार. काका हसले आणि मग खाली मान घालून मशीन चालवायला लागले. भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं गं.

आठवण काढत जा.
तुझी धाकटी

९ जून
चि. धाकटीस, अ. आ.

पत्र वाचून हसले, रडले पण. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालताना सगळ्या बायकांना सांगितलं.

पण सासूबाईंनी फोनवर त्याचं मी जाते ऐकलंय. शाळा सोडलेल्या पोरीच्या हाताखाली नातू बायकी झाला म्हणतात. रविवारी बघायला येतायत. धड बोलला नाही तर घेऊन जाणार. मला सुट्टी नाही आणि त्यांच्याशी भांडायची ताकदही नाही. तेवढं त्याला नीट बोलायला शिकव. मारू नकोस. आणि त्यांच्यापुढे तूही जरा तोंड उघड.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी ताई

१८ जून
ती. ताईस, सा. न. वि. वि.

मारलं नाही गं, शप्पथ. बरोबर बोलला की एक बटण द्यायचं, चुकला की एक परत घ्यायचं, असं ठरवलं. आधी त्याला मजा वाटली. मग त्याचं लाडकं निळं कोटाचं बटण गेलं. खूप रडला. नंतर बोलणं कमी कमी होत गेलं. मला वाटलं, विचार करून बोलतोय. काकांनाही सांगितलं, शहाणा झाला म्हणून.

रविवारी तुझ्या सासूबाईंनी येऊन त्याला काय काय विचारलं. हा बटणांच्या मुठी आवळून नुसता बघत राहिला. तो खूप बोलतो, हे मला सांगायचं होतं. पण परक्या माणसासमोर माझं कसं होतं, तुला माहितीये. त्या म्हणाल्या, लेकराला मुकं करून ठेवलंस. त्याचे कपडे भरले, त्याला उचललं. वाटलं, आता तरी मला हाक मारेल. नाही मारली. गाडीतसुद्धा मुठी तशाच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोललंच नाही तर बटण जात नाही, एवढंच शिकला होता तो माझ्याकडून.

तू फोन कर तिकडे. तुझ्याशी बोलेल. चुकला तर चुकू दे, काही म्हणू नकोस.

माझ्यावरची माया काढून घेऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. क. आपल्या गल्लीतला रस्ता खणलाय. नवीन पाइप टाकणार आहेत म्हणे.