रंगाखालची भोकं

आप्पा,

तुमचं रंधा मशीन मी घरी आणलं. तुम्ही गेल्यावर अक्कलकोट रोडवरची शेड विकली तेव्हा भंगारवाला ते फोडून न्यायला टपलेलाच होता. मी म्हटलं, राहू दे, बंद पडलेल्या मिलमधून आप्पांनी आणलेलं आहे, असं बिडाचं काम आता होत नाही. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याला जागा केली आणि सुट्टीच्या दिवशी रॉकेल, रंग खरवडायची पत्री, पॉलिश पेपर घेऊन बसायला लागलो. काय घाण करून ठेवली होती तुम्ही! दर दसऱ्याला मशीन न पुसताच वर ऑइलपेंट. तेलाचा चिकटा, त्यावर भुसा, त्यावर रंग, रंगावर नारळाचं पाणी आणि हळदकुंकू, पुढच्या वर्षी पुन्हा रंग. तेल सोडायचं भोकसुद्धा रंगानं बुजलेलं. आत बेअरिंग कोरडं फिरतंय आणि बाहेर झेंडूची माळ. एका सांध्यात मेलेली पाल निघाली, निळ्या रंगात चपटी होऊन चिकटलेली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तरी काम सोडलं नाही, कारण मला ते चालू करायचं होतं. शाळेतून शेडवर आलो की तुम्ही रंधून निघालेली फळी माझ्यापुढे धरायचात. "हात फिरव बघू," म्हणायचात. फळी अजून कोमट असायची. तेवढ्यासाठी मी खरवडत राहिलो.

गेल्या रविवारी पात्यांच्या बाजूचा निळा रंग काढताना भेगा बुजवायला भरतात त्या लांबीची जाड खपली निघाली. खाली चार भोकं, नीट आटे पाडलेली. असंच मशीन दुरुस्त करणाऱ्या एका परदेशी माणसाचे व्हिडिओ मी बघतो. त्याच्या मशीनला त्याच जागी गार्ड आहे, पात्यांवर हात जाऊ नये म्हणून. म्हणजे याच्यावरही गार्ड होतं. हे मशीन चालवणाऱ्या वळसंगच्या मिस्त्रींची दोन बोटं गेली, तेव्हा चौकशीला आलेल्या साहेबांपुढे चहा ठेवत तुम्ही काय बोललात, ते मी ऐकलंय. "जुनं मशीन आहे हो, याला गार्ड मुळातच नाही. आणि हा माणूस गप्पा मारत होता." त्या वर्षी दसऱ्याला अजून अवकाश होता, तरी मशीनला निळा रंग लागला. मला वाटलं होतं, रक्ताचे डाग झाकायला असेल.

मग तुम्ही मिस्त्रींना काढलं नाहीत. भुसा पोत्यात भरायला ठेवलंत, रंध्याला पुन्हा हात लावू दिला नाहीत, आणि सगळे तुमचा मोठेपणा गात राहिले. आई अजून आल्यागेल्याला सांगते, "चूक त्यांची होती, तरी ह्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही." मिस्त्री समोर बसलेले असले तरी सांगते. आप्पा, मला किळस येते तुमची. बोटं गेली त्याला अपघात म्हणता येईल. पण दर दिवाळीला तो माणूस तुमच्या पाया पडायचा आणि तुम्ही पाय पुढे करायचात, ते कसं जमायचं तुम्हाला?

काल मी मिस्त्रींना बोलावून घेतलं. तुमच्या नावाचं काय व्हायचं ते होवो, त्यांना खरं कळलंच पाहिजे, असं ठरवलं होतं. ते आले, वाकून मशीन बघितलं, भोकांवरून अंगठा फिरवला.

"मिस्त्री, याला गार्ड होतं. आप्पांनी काढून ठेवलं होतं. तुमची चूक नव्हती."

"व्हय की," ते म्हणाले. "लई घाई हुती तवा. रुंद फळीला अडतंय म्हणून काढलं. भोकं मीच बुजवली न्हवं का."

"तुम्ही?"

"सायेब यायच्या आदल्या दिशी. ह्यो हात बांधलेला, डाव्या हातानं लांबी भरायला लई येळ लागला. मालक बॅटरी धरून हुते शेजारी."

"अहो, पण का?"

"ह्या हातानं दुसरीकडं कोण ठिवणार हुतं मला?"

तुम्ही बॅटरी धरली होती. त्याच्याच हातून बुजवून घेतलंत आणि उजेड दाखवलात. मी बाहेर जाऊन थुंकून आलो, तरी तोंड कडूच राहिलं. परत आलो तर मिस्त्री पात्यांवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत होते.

"वैनीस्नी न्हाय सांगायचं हे," ते म्हणाले. "ह्या वयात कशाला तरास?"

"नाही सांगणार," मी म्हणालो. लगेच म्हणालो, क्षणाचाही विचार न करता. आणि म्हटल्यावर मला इतकं हलकं वाटलं, आप्पा, की तुमच्याइतकीच माझीही किळस आली. हा कागद आता फाडून टाकतो. आईच्या हाती लागायला नको.