सूर्यावरचे डाग आणि वैरागची पेरणी

बाई, काल शास्त्रज्ञांनी भरलेल्या सभागृहात मी ‘माझं चुकलं’ म्हणाले आणि खाली बसताना तुमची आठवण आली. सूर्याचा जोर कमी-जास्त झाला की अवकाशातून येणारे किरण ढगांत फेरफार करतात आणि त्यामुळंच पृथ्वी तापते, असं मी उमेदीची सगळी वर्षं मांडत आले. पण सूर्याचा जोर काही वाढला नाही, उलट थोडा उतरलाच, आणि उष्मा मात्र चढतच गेला. त्या किरणांचा ढगांवर असर असलाच तर नखभर. तापवतोय तो आपण जाळलेल्या कोळशा-तेलातून सुटलेला वायू.

सत्तरच्या दशकातली सोलापूरची आपली शाळा. गच्चीवर तुम्ही दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडताय आणि आम्ही मुली त्यातले डाग पेन्सिलीनं गिरवतोय. दुष्काळात डाग कमी होत चालले होते, म्हणून तुम्ही ठोकून दिलंत की डाग घटले म्हणजे पाऊस ओढ देतो. सुट्टीत गावी, वैरागला जाऊन मी ते वडिलांना, आबांना, ऐटीत सांगितलं आणि त्यांनी तुमच्या शब्दावर तुरीचं बी न पेरता घरातच ठेवलं. पुढं डाग आणखी घटले आणि पाऊस मात्र धो धो कोसळला. शेजाऱ्यांची रानं हिरवी, आमचं तसंच काळं. आबा असे भडकले की माझी शाळा बंद करायचंच ठरलं.

आणि माझ्या मैत्रिणीकडून कळताच रविवारी तुम्ही यष्टीतून उतरून, चिखल तुडवत आमच्या दारात. “कुणी धाडलं तुमाला?” आबांनी विचारलं. तुम्हीही गावाकडच्याच, तसंच बोललात, “कुणी न्हाय. पोरीचा दोष न्हाय, मीच तसं शिकवलं. माझं चुकलं.” आबा आईला म्हणाले, “बाईंना भाकरी वाढ की.” तुम्ही निघताना आबा म्हणाले, “पावसाचं सांगणारी लई बगितली, बाई. चुकलं म्हणत दारात आलेलं कुणी न्हाय. पोरगी तुमच्याकडंच शिकू द्या.” त्या दिवशी अख्ख्या आळीत मी तुम्हाला मिरवलं. अशी बाई कुणाच्या वाट्याला आली होती!

काल सभा संपल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, मग एवढी वर्षं वाया गेली का?” मी ताठ मानेनं ‘नाही’ म्हणाले. तुमची विद्यार्थिनी शोभले, असं वाटून ऊर भरून आला. पण तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. ते ‘नाही’ खरं होतं का, हे मला अजून ठाऊक नाही.