सिंधुच्या जन्माची वेळ

नांदेड, रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९४५

चि. दत्तोपंत यास सौदामिनीआत्याचे आशीर्वाद.

गुरुवारी, ता. ८ रोजी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तू मुलींच्या शाळेत शिरलास आणि भूगोलाच्या तासातून आपल्या मुलीला उठवून नेलंस. वेळ मी शाळेच्या घड्याळावरून सांगते आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गुरुवारी मी वाचनाचा तास घ्यायला जाते, हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच तो वार निवडलास, असं मी धरून चालते.

इकडे सर्व क्षेम. गोदावरीचं पाणी उतरलं आहे. अर्धापूरहून केळीचा घड आला होता, सिंधुला आवडतात म्हणून टांगून ठेवला. आता काळा पडत चालला आहे. चंद्रप्रभेचा खोकला कसा आहे?

मोठ्या बाईंसमोर तू म्हणालास, "आकाशाकडे बघून संसार होत नाही. पोरीला आता खाली बघायला शिकवायचंय." त्या म्हणाल्या, वार्षिक परीक्षेला महिना राहिलाय, तेवढी तरी देऊ द्या. तू हसून म्हणालास, "परीक्षा तिनं लातुरात दिली की, बाई. आमचं नाक कापून पास झाली." लातूरच्या कचेरीत हे वाक्य खपलं असतं. शाळेत कोणी हसलं नाही.

संक्रांतीच्या सुट्टीत तुझ्या घरी काय झालं ते मला चंद्रप्रभेनं कळवलं. तू कळवलं नाहीस. देगलूरचे शेषेराव मुलासाठी सिंधुला पाहायला आले. चांगला मिश्किल माणूस दिसतो. त्यांनी विचारलं, "शाळेत काय शिकलीस, बाळ?" ती म्हणाली, "आकाश वाचायला." ते म्हणाले, "मग हे वाच की. जोश्याचं पोट त्याच्यावरच चालतंय." आणि तिचीच पत्रिका तिच्या हातात दिली.

तिनं ती वाचली. मग म्हणाली, "ह्यातली वेळ चुकलीय. रात्री पावणेनऊला मंगळ मावळून गेलेला होता, म्हणून तो इथं सहाव्या घरात आलाय. पण मी झाले तेव्हा तो मावळतीला दिसत होता. म्हणजे तो सातव्यात पाहिजे." सातव्या घरात मंगळ म्हणजे मुलगी मंगळी, हे बैठकीत न कळणारा एकही माणूस नव्हता. शेषेराव पान न खाताच उठले. पोरीनं पोरखेळ केला, पत्रिकेतलीच वेळ खरी, असं तू तेव्हापासून त्यांना पटवतो आहेस, हेही चंद्रप्रभेनंच लिहिलं.

हे तिला मी सांगितलेलं नाही. माझ्याकडे राहून शिकू लागली तेव्हा ज्या केवळाबाईंनी चंद्रप्रभेचं बाळंतपण केलं त्यांनाच तिनं विचारलं होतं. माझ्याच ओसरीवर. केवळाबाई म्हणाल्या, "घट बसले त्या सांजेची गोष्ट हाय. दिवेलागण झाल्ती. पानी टाकाया भाईर आले, तर मावळतीला तांबडी चांदणी लई खाली येऊन राहिली होती. म्हनलं, पोरगी तांबडी-गोरी व्हईल. तू निघालीस सावळी." सिंधु खूप हसली. मग जुनं पंचांग काढून बसली आणि दोन दिवस गणित करत राहिली. मी विचारलंही नाही, कसलं गणित.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आम्हाला एक म्हाताऱ्या सिस्टर पहाटे प्रार्थनेआधी गच्चीवर नेत. थंडीनं दात वाजत. त्या म्हणत, हे सगळं तुमच्यासाठी केलेलं नाही, तरी तुम्हाला दिसतंय, तेव्हा नीट बघा आणि जे दिसेल तेच सांगा. शिक्षणाचा दुसरा उपयोग मला आजवर सापडला नाही. तुमच्या सरकारी शाळांत तो सापडत असेल, तर चांगलंच आहे. चाळीस वर्षं मी मुलींना तेच शिकवलं. बहुतेकींनी विणकाम लक्षात ठेवलं. एकीनं हे लक्षात ठेवलं, तिला तू टांग्याला पडदा लावून घेऊन गेलास.

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

जोशीबुवांना पावणेनऊची चिठ्ठी मी लिहून दिली. तू तेव्हा म्हणालास, "आत्या, बाळंतपण तुमच्या घरात झालं. शिकलेल्या बाईचं अक्षर आहे म्हटल्यावर जोशी दुसऱ्यांदा विचारणार नाही." आणि त्यानं विचारलं नाही. सात वाजून पाच मिनिटांनी ती रडली होती. मी दाराशी उभी होते, मला पक्कं माहीत आहे. मी स्वतःला सांगितलं की मंगळ हेच थोतांड, मग त्याच्यापुढे एक थोतांड आणखी मांडलं तर बिघडलं काय. हे कारण खरं नव्हतं. मंगळापायी माझी पत्रिका तीन घरांतून परत आली होती, चौथ्यांदा वडिलांनी ती पाठवलीच नाही. सिंधु माझ्यासारखी राहू नये, एवढंच मनात होतं. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही, तुझ्या वडिलांजवळही नाही.

गुरुवारी टांग्यात चढताना तिनं मला विचारलं, "आत्याआजी, ती वेळ कोणी लिहून दिली?" तू माझ्याकडे पाहत उभा होतास. मी म्हणाले, "थंडी आहे, शाल घे." पडदा पडला. तिनं पुन्हा विचारलं नाही. चौदाव्या वर्षी तिला उत्तर मिळालेलं होतं.

ती चिठ्ठी तुझ्याकडे असेल तर दाखव कोणाला हवी त्याला. मला तिचं भय दाखवायची सोय आजपासून राहिली नाही.

माझं मागणं एवढंच आहे. हे पत्र सिंधुला पूर्ण वाचायला दे. तिला परीक्षेसाठी नांदेडला पाठव, आणि परीक्षेनंतर पुढच्या वर्गासाठीही. नाही पाठवलंस, तर जन्माची खरी वेळ आणि खोटी कोणी का लिहिली ते शेषेरावांना माझ्या सहीनं कळवेन. त्यानंतर तू ज्या ज्या घरी पत्रिका पाठवशील त्या प्रत्येक घरी कळवेन. तिचं लग्न मोडेल, असं तू म्हणशील. मोडू दे. खोट्या वेळेवर तिनं जन्मभर नांदावं, हे मला आता बघवणार नाही.

उत्तर लेखी हवं. तुझ्या हातचं, चंद्रप्रभेच्या नव्हे, आणि खाली सिंधुनं पत्र वाचल्याची तिची सही. शनिवार, ता. २४ फेब्रुवारी, दुपारी बारापर्यंत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. टपाल उशिरा आलं, ही सबब मी ऐकणार नाही. एकच्या मोटारीनं देगलूरला जायला मी तयार बसलेली असेन.

तुझी आत्या,
सौदामिनी