पन्नास मिनिटांवरचा संसार

३ एप्रिल, शनिवार
बायकोची बदली होऊन आठ महिने झाले. ती आणि लेक तिकडे, मी इकडे. लोक उगाच हळहळतात. बसने दहा तास असतील, पण विमानाने पन्नास मिनिटं! मी स्वतः विमानतळावर चेक-इन काउंटरला बसतो, मला कोण शिकवणार? शिवाय स्टाफला तिकीट फुकट. अट एकच, सीट उरली तर. आजही उरली नाही.

फोनवर बायको म्हणाली, लेकीला इथल्याच शाळेत घालणार आहे. आम्ही परत यावं असं वाटत असेल तर ये, समोर बसून बोल. म्हटलं, त्यात काय, पुढच्या शनिवारी हजर!

७ एप्रिल
मेहुण्याचा फोन. भाऊजी, बसने जा म्हणे. हसू आलं. एव्हिएशनमधला माणूस बसने? शेजारच्या काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, मग सरळ तिकीट काढा. कमाल आहे. स्वतःच्या दुकानात कुणी गिऱ्हाईक म्हणून जातं का?

१० एप्रिल, शनिवार
नवा शर्ट. सीट मिळाली! पट्टाही बांधला. तेवढ्यात व्हॉलीबॉलच्या संघाचं सामान आलं. विमान छोटं, वजन जास्त झालं की आधी स्टाफला उतरवतात. उतरवायला माझाच सहकारी आला. हा नियम त्याला मीच शिकवला होता. अजिबात भीड बाळगली नाही पठ्ठ्याने. ऊर भरून आला. त्या नादात घरी फोन करायचा राहिला.

१७ एप्रिल, शनिवार
चक्क चार सीट रिकाम्या. पण घसा खवखवत होता. लेकीला बाधा नको, म्हणून गेलो नाही. बायकोला कळवलं. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. पूर्वी केवढी भांडायची! लांब राहून समजूतदार झाली आहे.

२४ एप्रिल, शनिवार, सकाळी
सीट पक्की. सामान कमी, घसा ठणठणीत. दोघींना घेऊन येतो म्हणून ताईंना सांगूनही टाकलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पन्नास मिनिटांत उतरलो, एक मिनिट जास्त नाही. तिथून घर टॅक्सीने दीड तास. हे आजवर कुणी बोललं नव्हतं.

बायकोने चहा दिला. साखर किती, असं विचारलं. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत. कधी पडले म्हटलं, तर ती आईकडे बघायला लागली.

मी विषय काढला. बायको म्हणाली, शाळेचं दहा तारखेनंतर लगेच पक्कं केलं. त्या दिवशी दोघी विमानतळावर आल्या होत्या. विमान आलं, सगळे उतरले, दार लावलं, तरी लेक हलेना. संध्याकाळपर्यंत बसल्या. मला म्हणायचं होतं की वजनाचा नियमच तसा आहे. त्याऐवजी चहा संपवला.

परत येणार नाही, असं ती न चिडता म्हणाली. चिडली असती तर समजूत घालता आली असती.

निघताना लेक खाली मैत्रिणींबरोबर खेळत होती. हाक मारली. बाबा, थांबा ना, माझ्यावर राज्य आहे, म्हणाली.

थांबलो असतो. पण विमान चुकलं असतं.