आनंदी आली तर

सातपाटी, ७ जानेवारी १९६४
पालघरहून एस.टी.नं निघालो तर आधी वास भेटला, गाव मागाहून! शाळेत मास्तर म्हणून आजच हजर झालो. राहायला गोजराबाईंच्या घरामागची खोली मिळाली. बाई तोंडाळ, पण मायाळू. अंगणात दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेत. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मी आपला एकच टाकून पाहिला, तो घसरला वाळूत. गोजराबाई हसून म्हणाल्या, "एकटा ऱ्हात नाय, मास्तर. जोडी लागते."

इस्पितळातले चार महिने इथे कुणाला ठाऊक नाहीत. तेव्हा मला नसलेली माणसं ऐकू यायची. आता बरा आहे. धाकट्या बहिणीच्या, आनंदीच्या हट्टापायी निघताना या वहीच्या पुठ्ठ्यावर मी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'आनंदी आली तर दार उघड. तेव्हा ती तुला आनंदी वाटणार नाही. तरी उघड.' इस्पितळातून दिलेल्या गोळीमुळे हात थरथरतो, म्हणून अक्षर कापरं आलंय. वाचून हसू येतं.

१९ जानेवारी
फळ्यावर खडू नाचायचा आणि पोरं खिदळायची. हेडमास्तरांनी बाजूला घेऊन विचारलं, घेता की काय? मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडा झाला, गोळी बंद केली. आता हात कसा स्थिर, अक्षर मोत्यासारखं! दुखणंच नाही तर औषध कशाला? आनंदीला कळवत नाही, लगेच धावत येईल.

२ फेब्रुवारी
अंगणात कुजबुज चालते. गोजराबाई म्हणतात, वारा आहे. वारा माझं नाव कसं घेईल? जबड्यात जबडा घालून ते बोंबील बोलतात, मी जवळ गेलो की गप्प. इस्पितळातली गोष्ट वेगळी, तो आजार होता. हे खरं आहे.

९ फेब्रुवारी
गोजराबाई उंबऱ्यावर ताट ठेवतात. मी कालवण ओतून देतो, त्यात काय घातलंय कुणास ठाऊक. घरचं कोण आहे, पत्ता द्या, म्हणून मागे लागल्या. मी दिला नाही. आज पेटीतल्या आनंदीच्या पत्रांतलं वरचं, तिचा पत्ता असलेलं पत्र नाही. बाई त्यांनाच सामील आहे.

१३ फेब्रुवारी
शाळेत गेलो नाही. सगळ्या जोड्या माझ्या खिडकीकडे तोंड करून— दिवसभर एकच— ती येईल, ती ती नसेल—

१४ फेब्रुवारी, दुपार
आली. आनंदीचं निळं पातळ, आनंदीचा आवाज, कपाळावरचा व्रणसुद्धा. केवढी मेहनत घेतलीय! कडी लावून घेतली. ते म्हणतात, उघडलंस की संपलास.

पुठ्ठा वाचला. अक्षर कापरं. माझं मोत्यासारखं. म्हणजे मी लिहिलंच नाही, त्यांनी—

ती जात नाही. दाराला पाठ लावून बसलीय. दादा, दादा करतेय. गोजराबाई बाहेरून म्हणाल्या, जोडी लागते, मास्तर— ते ओरडताहेत. उघडू नको, उघडू नको—

भीती वाटते. फार. हात कापतोय. रेघेवर राहत नाही— हे अक्षर—

पुठ्ठ्यावरचंच. तस्संच. म्हणजे मीच— मीच लिहिलं होतं—

ती आनंदी वाटत नाही. अजिबात नाही. तरी—