विहिरीवरचा तवंग

लोधिवली, मंगळवार, दिवेलागण

बादली वर ओढली आणि तशीच काठावर धरून ठेवली. पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग फिरत होता. विहिरीशेजारी राहणाऱ्या सुनंदावहिनी हसल्या. "तुमचं गॅरेज विहिरीत आलंय, भावजी. आता गाड्या इथंच धुवा." मग हसू थांबलं. त्यांच्या घरात प्यायला हेच पाणी.

माझ्याकडून ऑईल विहिरीत जाईल कसं? जमिनीत थेंब मुरू नये म्हणून गॅरेजभर फरशी केली. जळकं ऑईल बंद ड्रममध्ये असतं, ते न्यायला गाडी येते.

त्यांचे सासरे, तात्या, ओट्यावरूनच बोलले. "मीच वतलं रं. विहिरीमागच्या डबक्यात. डास लय झालेलं. तूच दिला व्हतास ना डबा?"

दिला होता, जळक्या ऑईलचा. कुंपणाच्या खांबांना फासायला, वाळवी लागू नये म्हणून. इथे सगळेच मागतात आणि मी देतो. फुकट देतो म्हणून चांगला माणूस ठरलो.

परत येताना वाटेतला प्रत्येक खांब काळा दिसला. किती घरांत माझे डबे असतील? उरलेलं कुठे ओतलं असेल? विचारायला हवं होतं. एकाही दारात थांबलो नाही. आता डोळे मिटले तरी तो जांभळा-हिरवा तवंग फिरतोच आहे.

बुधवार. सकाळी गॅरेज उघडलं तेव्हा तात्या रिकामा डबा घेऊन पायरीवर बसले होते. "भर रं. डास अजून हायेत." नाही म्हणालो. ते डबा उचलून नाक्यावरच्या दुसऱ्या गॅरेजकडे चालू लागले.