भोपळ्याचं अर्थशास्त्र

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही.
बी विंगमधली नम्रता लिफ्टपाशी भेटली. सोसायटीच्या बालवाचनालयाचा सोळा तारखेला कार्यक्रम आहे. गोष्ट सांगणाऱ्या बाई आजारी पडल्या, तू सांगशील का, म्हणाली. अख्ख्या कर्वेनगरात तिला मीच आठवलो. (आई म्हणते, आधी बऱ्याच जणांना विचारून झालं होतं. ते नाही म्हणाले, मी हो म्हणालो. फरक इथेच आहे.)
हो म्हणता म्हणता मनातलंही सांगून टाकलं. सगळंच. लिफ्टचं दार दोनदा उघडून मिटलं. ती म्हणाली, आधी कार्यक्रम होऊ दे, मग बोलू. आणि दिगंबर, जरा राग कमी कर.
नाही म्हणाली नाही. म्हणजे तत्त्वतः मान्यता.
संकल्प : राग बंद.

५ नोव्हेंबर, बुधवार
गोष्ट ठरली. म्हातारी आणि भोपळा. सगळ्यांना पाठ, कळलेली कोणालाच नाही. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत वाघ. खातो म्हणतो. ती म्हणते, आत्ता नुसती हाडं आहेत, लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. वाघ थांबतो. परतताना ती भोपळ्यात बसून त्याच्या नाकासमोरून टुणुक टुणुक निघून जाते.
हे उघड उघड राजकीय अर्थशास्त्र आहे! जंगल म्हणजे मुक्त बाजारपेठ. वाघ म्हणजे बडं भांडवल. म्हातारी श्रमिक वर्ग. लेक म्हणजे कल्याणकारी राज्य, तूप-रोटी म्हणजे सबसिडी. आणि भोपळा? प्रायव्हेट लिमिटेड. बाहेरून गोल गुळगुळीत, आत कोण बसलंय त्याचा पत्ता नाही.
एस.वाय.ला वर्गात मी हेच मांडणार होतो. सरांनी मध्येच अटेंडन्सचा विषय काढला, मी कॉलेज सोडलं. नुकसान कॉलेजचं.
बाबा म्हणाले, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म शुक्रवारपर्यंत आहे. बघतो म्हणालो.

८ नोव्हेंबर, शनिवार
फॉर्म राहिला. सबसिडीचा मुद्दा रंगात आला होता.
एकच अडचण आहे. वाघ. इतकं बडं भांडवल. दात, नखं, सगळं जागच्या जागी. शिकार हातभर अंतरावर. ती नुसतं 'येते' म्हणाली, आणि हा बसून राहिला? सिद्धांतात बसत नाही. टिपण : वाघ का थांबला?

११ नोव्हेंबर, मंगळवार
फलकावर सूचना लागली. 'मुलांसाठी गोष्ट. सांगणार : दिगंबर, ए विंग.' मी 'गोष्ट' खोडून 'व्याख्यान' केलं.
सेक्रेटरी रंगनाथकाकांनी जिन्यात गाठलं. म्हणाले, फलक सोसायटीचा आहे, व्याख्यान आपलं आहे. आपलं आपल्याकडेच ठेवावं. वर विचारतात, कॉलेज सोडल्यापासून अभ्यास वाढलेला दिसतोय?
बोललो. बरंच बोललो. तिसऱ्या मजल्यावरून आई खाली आली.
संकल्प उद्यापासून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तालीम. श्रोता : आई, मेथी निवडत. वित्तीय भांडवलापर्यंत आलो तेव्हा जुडी संपली. म्हणाली, म्हातारी शेवटी घरी पोचते ना? मग झालं तर.
सामान्य वाचकाची हीच मर्यादा आहे.
नम्रता पार्किंगमध्ये दिसली. फोनवर हसत होती. मला बघून फोन घेऊन लिफ्टमध्ये गेली. कार्यक्रमाचं टेन्शन.

१६ नोव्हेंबर, रविवार
झालं.
क्लब हाऊस भरलेलं. पुढे सतरंजीवर पोरं, मागे आईबाप. वेळ संपली तेव्हा मी अजून जंगलाच्या व्याख्येतच होतो. पोरं टुणुक टुणुक कधी, टुणुक टुणुक कधी म्हणून कोकलायला लागली. मी भरभर वाघावर आलो. पहिल्या रांगेतली कादंबरी, पहिलीत असेल, तिने हात वर केला. विचारते, पण वाघ का थांबला?
माझाच प्रश्न! म्हणालो, उत्तम, यावर संशोधन चालू आहे. ती म्हणाली, वाघ बावळट आहे.
सगळे हसले. नम्रता सगळ्यांत जास्त. तिची आई, सुशीलाबाई, अमरावतीच्या, शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, काय बोलून राह्यला बाप्पा हा! रंगनाथकाका उठले. म्हणाले, भोपळा आज येणार नसेल तर वडे वाटून घेऊ, गार होतायत.
मग माझा तोल गेला. प्रस्थापित, दलाल, वगैरे. एक मूल रडलं.
शेवटी नम्रताने दोन मिनिटांत गोष्ट संपवली. स्वतःच भोपळा झाली. पोरं तिच्यामागे हॉलभर उड्या मारत होती.
खुर्च्या आवरताना तिला विचारलं, कार्यक्रम तर झाला. ती म्हणाली, फार दगदग झाली रे. अमरावतीला मावशीकडे जाऊन येते, चार दिवस आयतं खाते, आल्यावर निवांत बोलू.
निवांत हा शब्द तिचा. माझा नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
रोज मेसेज करतोय. उत्तर नाही. मावशीकडे रेंज नसणार.
तिच्या स्टेटसला पुरणपोळीचा फोटो. वर तूप, भरपूर.
रेंज आहे. म्हणजे विचार करतेय.
वाघाचं कोडं सुटत नाही. फॉर्म राहिल्यापासून बाबा बोलत नाहीत. घरात बसवत नाही म्हणून वारज्याच्या पुलापर्यंत चालत जातो आणि परत येतो.

३० नोव्हेंबर, रविवार
आली! गाल भरलेत. शोभतं तिला.
म्हणाली, आत्ताच आलेय रे, बॅग तरी उघडू दे. पुढच्या रविवारी.
तारीख दिली. लेखी नाही, पण दिली.
संकल्प, या वेळी खरा : आठवडाभर कोणावरही आवाज चढवायचा नाही. तिने एवढंच तर मागितलंय.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी
आईने पेढा दिला. छान होता, दुसरा घेतला. शर्ट इस्त्रीचा. आठवडाभर एकदाही भांडलो नाही. दूधवाल्याशीसुद्धा.

तोच दिवस, दुपारी
खाली उतरलो तर बी विंगसमोर पांढरी गाडी, काळ्या काचा, नागपूर पासिंग. डिकीत बॅगा. ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायची होती आणि मध्ये माझी बाईक. हॉर्नवर हॉर्न. शिवी ओठांवर आली. गिळली. म्हणालो, दादा, थांबा जरा, मी सांगतो.
बाईक ओढून घेतली. सोसायटीची तुळशीची कुंडी आड येत होती, तीही उचलून बाजूला ठेवली. मग मागे उभा राहून, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा, येऊ द्या, बास. आता सरळ. मागच्या काचेवर दोन थापा मारल्या, मोकळं आहे म्हणून. गाडी गेटबाहेर पडली.
रंगनाथकाका बघत होते. त्यांना म्हणालो, बघितलंत? एक शब्द वर गेला नाही माझा. नम्रताने बघायला हवं होतं.
काका म्हणाले, बघितलं तिने. आतच होती.
मग हळू आवाजात सगळं सांगितलं. अमरावतीला साखरपुडा झाला. मुलगा नागपूरचा. लग्न तिकडेच, नोकरीही तिकडेच, सामान न्यायला आली होती. पेढे आले असतील तुमच्याकडे.
टोमणा मारला नाही. त्यावरून कळलं, खरं आहे.
घरी आलो. आई म्हणाली, तू चिडशील म्हणून बोलले नाही रे. मी म्हणालो, चिडलो नाही.
वाघ का थांबला, ते कळलं. लिहीत नाही.
कुंडी अजून बाजूलाच आहे. जागेवर ठेवली पाहिजे, नाहीतर काका फलकावर लिहितील.